अनुग्रह, अधिकार आणि संचय : भारतातील निवृत्तिवेतनाच्या इतिहासातील तीन टप्पे

प्रस्तावना

निवृत्तीनंतरच्या चरितार्थाची तजवीज हा सामान्यतः अर्थशास्त्राचा अथवा व्यक्तिगत व्यवहाराचा विषय मानला जातो. वास्तविक त्यास स्वतःचा इतिहास आहे. वार्धक्यातील निर्वाहाचा भार कोणी वाहावयाचा, या प्रश्नाचे उत्तर भारतात गेल्या दोन शतकांत पालटत गेले. या स्थित्यंतराचा मागोवा घेऊन आजच्या अध्यापकास नियोजन लवकर का करावे लागते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अनुग्रहाचा काळ

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने दुसऱ्या बाजीरावास सालिना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन देऊन बिठूर येथे ठेवले. १८५१ मध्ये त्याचे निधन झाले आणि हे वेतन दत्तकपुत्र नानासाहेबांस पुढे चालू ठेवण्यास लॉर्ड डलहौसीच्या सरकारने नकार दिला. नानासाहेबांनी अजीमुल्ला खान यांस लंडनला पाठवून दाद मागितली, परंतु ती व्यर्थ ठरली. हे वेतन राजकीय होते, नोकरीबद्दलचे नव्हते, हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि दात्याची इच्छा हाच त्याचा आधार होता. पुढे १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने सरकारने दिलेल्या निवृत्तिवेतनासंबंधीचे दावे जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राविना चालविण्यास दिवाणी न्यायालयांना मनाई केली. अनुग्रहाच्या कल्पनेस अशा रीतीने कायद्याचे कवच लाभले.

अधिकाराची प्रस्थापना

स्वातंत्र्योत्तर काळात ही भूमिका बदलली. १९५२ च्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी अधिनियमाने औद्योगिक कामगारांसाठी सक्तीच्या बचतीची व्यवस्था केली. १९६४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी कुटुंब निवृत्तिवेतन योजना लागू झाली. १८७१ च्या अधिनियमानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरील देणगी नसून कर्मचाऱ्याचा हक्क असल्याचे मान्य केले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने याच तत्त्वाचा विस्तार केला. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झाले एवढ्याच कारणावरून कर्मचाऱ्यांना सुधारित लाभांतून वगळणे न्यायालयाने अमान्य केले.

संचयाचे युग

१ जानेवारी २००४ पासून केंद्र शासनाच्या नव्या कर्मचाऱ्यांना (सैन्यदले वगळता), तर १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत येणाऱ्यांना अंशदानावर आधारित योजना लागू झाली. निवृत्तिवेतनाची रक्कम आता अखेरच्या वेतनावर नव्हे, तर जमा अंशदान, त्यावरील परतावा आणि वार्षिकीचा दर यांवर ठरू लागली. बाजारातील चढउतारांची जोखीम शासनाकडून कर्मचाऱ्याकडे आली. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय कर्मचारी व शिक्षकांनी केलेल्या संपामागे हीच अस्वस्थता होती. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय मिळाला. तीत अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के इतकी हमी आहे. मात्र पूर्ण लाभासाठी २५ वर्षांची सेवा आवश्यक आहे.

अध्यापक आणि कालावधीचा प्रश्न

येथेच महाविद्यालयीन अध्यापकाची अडचण उद्भवते. पदव्युत्तर शिक्षण, पात्रता परीक्षा, संशोधन आणि त्यानंतर तासिका तत्त्वावरील सेवा यांत त्याची उमेदीची वर्षे सरतात. अडतिसाव्या वर्षी नियमित नियुक्ती मिळून साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याच्या वाट्यास अवघी २२ वर्षे येतात. हमीची योजना असो वा संचयाची, दोहोंत तो मागे पडतो.

या विलंबाची किंमत एका काल्पनिक उदाहरणाने लक्षात येईल. वर्षाअखेरीस १२,००० रुपये याप्रमाणे ८ टक्के चक्रवाढ दराने पंचविसाव्या वर्षापासून ३५ वर्षे गुंतविल्यास सुमारे २० लाख ६८ हजार रुपये होतात. चाळिसाव्या वर्षापासून २० वर्षे गुंतविल्यास सुमारे ५ लाख ४९ हजार. पहिल्याने भरलेली रक्कम दुसऱ्याच्या पावणेदोन पट आहे, परंतु संचय पावणेचार पटींच्या आसपास जातो. हा फरक प्रारंभीच्या पंधरा वर्षांचा आहे.

निष्कर्ष

अनुग्रहाच्या काळात दात्याची मर्जी निर्णायक होती, अधिकाराच्या काळात कायदा आणि संचयाच्या युगात कालावधी निर्णायक ठरतो. न्यायालय हक्क मिळवून देऊ शकते; गेलेली वर्षे देऊ शकत नाही. म्हणून नियमित नियुक्तीची वाट न पाहता, तासिका तत्त्वावरील तुटपुंज्या मानधनातूनही अल्प का होईना, बचतीस आरंभ करणे इष्ट होय. परंतु अनिश्चित मानधनावर राबणाऱ्या तरुणास केवळ काटकसरीचा उपदेश करणे न्याय्य ठरणार नाही. नियुक्त्या वेळेवर होणे हाही त्याच्या वार्धक्याच्या नियोजनाचाच भाग आहे, याची जाणीव संस्था व शासन यांनी ठेवणे आवश्यक आहे.