प्रौढ बुद्धीचे माप: दक्षिणेपासून ग्रामशिक्षण मोहिमेपर्यंत

पेशवाईत प्रौढ माणसाच्या बुद्धीची परीक्षा सर्वांत जाहीरपणे होई ती श्रावणातल्या दक्षिणेच्या वेळी. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पुण्यात पेशव्यांकडे आली. तेथे जमलेल्या ब्राह्मणांना वेदांवर व शास्त्रांवर प्रश्न विचारले जात आणि ज्याची जशी विद्या तशी त्याची दक्षिणा ठरे. या परीक्षेवर ज्यांची देखरेख होती ते रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. विशीपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती, ते साताऱ्यात एका सावकाराकडे चाकरीस होते आणि नंतर काशीस जाऊन शिकले, असे परंपरा सांगते. १७५९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले. ही परंपरा खरी धरली, तर विशीतल्या रामशास्त्र्यांना दक्षिणेच्या परीक्षेत काहीच मिळाले नसते, कारण ती परीक्षा साठवलेली विद्या मोजत होती, शिकण्याची शक्ती नव्हे. शिवाय स्त्रिया आणि ब्राह्मणेतर या मापाबाहेरच राहिले, आणि हा दोष किरकोळ मानता येणार नाही.

हाच भेद रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात सिद्धांतरूपाने मांडला. अनोळखी प्रश्नातील संबंध ओळखण्याच्या शक्तीला त्याने प्रवाही बुद्धी म्हटले आणि शिक्षण व अनुभव यांतून घट्ट झालेले ज्ञान व शब्दसंपत्ती यांना स्फटिकीभूत बुद्धी. पहिली तारुण्यानंतर हळूहळू ओसरते, तर दुसरी उतारवयापर्यंत टिकते, किंबहुना वाढतेही. प्रौढांची बुद्धी मोजताना आणखी एक अडचण होती. मुलांसाठी वापरले जाणारे ‘मानसिक वय’ म्हणजे अमुक वयाच्या सर्वसाधारण मुलाइतकी कुवत. परंतु चाळिशीच्या माणसाची कुवत पन्नाशीच्या माणसाइतकी आहे, या विधानाला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून डेव्हिड वेक्स्लर याने १९३९ च्या आपल्या कसोटीत प्रौढाची तुलना त्याच्याच वयोगटाशी केली, त्या गटाची सरासरी १०० धरली आणि भाषेवर आधारलेले प्रश्न व ठोकळे-चित्रांची कामे वेगवेगळी ठेवली. निरक्षरांसाठी अशी भाषाविरहित कसोटी अमेरिकी सैन्याने १९१७ मध्येच तयार केली होती.

 निरक्षर प्रौढांच्या कुवतीचा हाच प्रश्न रामशास्त्र्यांच्या सातारा जिल्ह्यात पुन्हा पुढे आला, तेथे १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हा. शेतात राबणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांनी वाचणे, लिहिणे व मोजणे शिकावे, हा तिचा हेतू होता. सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई, म्हणजे येथे माप एकट्या माणसाचे नव्हते, गावाचे होते. पाऊसमान ओळखणाऱ्या, जमिनीचा कस जाणणाऱ्या आणि तोंडी हिशेब करणाऱ्या या माणसांकडे अनुभवाची शिदोरी मोठी होती. शब्दसंपत्ती किंवा पुस्तकी माहिती विचारणाऱ्या प्रश्नावलीत तिला एकही गुण मिळाला नसता, आणि साक्षरतेच्या वर्गात मात्र नव्या अक्षरांना आधार मिळाला तो त्याच शिदोरीचा.