अंड्याची ॲलर्जी आणि बाललसीकरण

अंडे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणाऱ्या, ओठ सुजणाऱ्या किंवा धाप लागणाऱ्या मुलाला लस टोचावी का, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. लसीचा विषाणू कशावर वाढवला आहे, यावर उत्तर ठरते.

गोवर-गालगुंड-रुबेला लसीची भीती जुनी आणि जवळपास निराधार आहे. तिच्यातील गोवर व गालगुंडाचे विषाणू बहुधा कोंबडीच्या भ्रूणापासून काढलेल्या पेशींवर वाढवतात, अंड्यात नव्हे. अंड्याचे प्रथिन लसीत उतरलेच तर नगण्य. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीत तर कोंबडीचा संबंधच येत नाही. तिचे दोन्ही विषाणू मानवी पेशींवर वाढतात. भारतात तिचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत असतो. तोवर पुष्कळ घरांत बाळाला अंडे भरवलेलेही नसते. तेव्हा ‘आधी अंडे चारून पाहा, मग या’ हा सल्ला निव्वळ वेळ दवडणारा.

या लसींनंतर खरोखरच तीव्र ॲलर्जी झालेल्या काही मुलांचा तपास केल्यावर अंडे निर्दोष सुटले आणि जिलेटिन सापडले. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेले हे द्रव्य विषाणू टिकावा म्हणून लसीत घालतात. 1990 च्या दशकात जपानमध्ये अशा प्रतिक्रिया नोंदल्या गेल्या. मुलाला जेली किंवा मार्शमॅलो खाऊन त्रास होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नेमके तेच सहसा कोणी विचारत नाही.

फ्लूच्या बहुतेक लसी मात्र फलित अंड्यांतच तयार होतात. तरीही एका डोसातील अंड्याचे प्रथिन साधारणतः 1 मायक्रोग्रॅमहून कमी असते. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना या लसीसाठी वेगळी खबरदारी नको, असे अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने 2023 मध्ये स्पष्ट केले. अपवाद पीतज्वराच्या लसीचा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेला निघालेल्या, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला ती देण्यापूर्वी ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवावे लागते.

शेंगदाणे किंवा गव्हाच्या ॲलर्जीमुळे नेहमीची कोणतीही लस अडत नाही. त्याच लसीच्या आधीच्या डोसाला ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) झाला असेल, तर मात्र चौकशीशिवाय पुढचा डोस देऊ नये. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत लसीनंतर ॲनाफिलॅक्सिस होण्याचे प्रमाण दहा लाख डोसांमागे सुमारे 1.3 आढळले. लसीनंतर अर्धा तास केंद्रात थांबवतात ते यासाठीच. अशा वेळी ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत ताबडतोब टोचावे लागते; ॲलर्जीच्या गोळीवर किंवा सिरपवर विसंबून चालत नाही.