फिंचचा कोट आणि माळ्यावरची स्लीपिंग बॅग

गोष्ट १९२२ सालची. एव्हरेस्टच्या मोहिमेत बाकीचे गिर्यारोहक लोकर आणि ट्वीडच्या कपड्यांत. जॉर्ज फिंचनं मात्र बलूनच्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसं भरून कोट शिवून घेतलेला. आधी सगळे हसले, थंडी वाढली तसा हेवा करायला लागले. ऊब खरं तर पिसांनी अडवून धरलेल्या हवेची होती. आजच्या डाऊन स्लीपिंग बॅगचं गणितही तेच.

आपल्या धनगरांची घोंगडी वेगळी. पावसात खोळ करून डोक्यावर घ्या, वाळवा, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून घडी करा. काही बिघडत नाही. त्याच सवयीनं मी मे महिन्यात हिमालयातून आल्यावर बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकली. मध्ये कोल्हापूरचा पावसाळा गेला. डिसेंबरात उघडली तर पापडासारखी चपटी आणि कुबट! घरात उघडली म्हणून बरं, बर्फात उघडली असती तर रात्र काढणं अवघड होतं.

तेव्हा ट्रेकवरून आलात की बॅग आधी पूर्ण वाळवा. मग मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, नाहीतर कपाटात टांगा. प्लॅस्टिक नको. कोंबायची ती फक्त प्रवासापुरती. भेटू पुढच्या भागात!