कोंदणे बदलली, खडा तोच

रोमन माणसाच्या बोटातील मुद्रिकेचा मागोवा आपण पैठणपासून घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारवृत्तात पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांवर लादून, आडवाटांनी भडोचच्या बंदरात नेले जात, अशी नोंद आहे. तिथून माल समुद्रमार्गे इजिप्तकडे आणि पुढे रोमला जाई. तांबूस अकीक मुद्रेसाठी खास पसंतीचा, कारण ठसा उमटवताना त्याला मेण चिकटत नाही. रोमन लेखक प्लिनीनेही हे लिहून ठेवले आहे. कमानीने फिरणाऱ्या सळईच्या टोकाला तेल आणि कुरुंदाची पूड लावायची आणि नखाएवढ्या खड्यात आकृती उलटी कोरायची, म्हणजे मेणावर ती सुलटी उठते. सम्राट ऑगस्टसची छबी असलेली मुद्रा डायोस्कोरिडीस या कारागिराने कोरली. ऑगस्टसच्या वारसांनीही पुढे तीच वापरली.

साम्राज्य मोडले. अंगठ्यांचे सोने-चांदी वितळवले गेले, पण खडा वितळवून कोणाच्या हाती काय लागणार? म्हणून तो उरला आणि नव्या कोंदणात बसला. आठव्या शतकात फ्रँकांचा राजा शार्लमेनने रोमन सम्राटाचे मस्तक कोरलेला खडा आपल्या राजमुद्रेत बसवला आणि भोवतीच्या धातूवर ख्रिस्ताला रक्षणाची विनवणी कोरवली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जुने खडे चांदीत मढवण्याची रीतच पडली. यॉर्कशायरमधील सेल्बी मठाची मुद्रा मला यांत सर्वांत मोलाची वाटते. तिच्या मधोमध सम्राट होनोरिअसचे मस्तक आहे, खड्यावर त्याचे नावही आहे; पण कडेने नवी लॅटिन अक्षरे सांगतात, ‘ख्रिस्त हेच आमचे मस्तक’. मठवाल्यांनी जुने काही खोडले नाही, फक्त अर्थ आपला करून घेतला.

पुढे फ्लॉरेन्समध्ये लोरेन्झो दे मेदिचीने खड्यांवर स्वतःचे नाव संक्षिप्त रूपात कोरवले. 1724 मध्ये बॅरन स्टॉशने कारागिरांच्या सह्या असलेल्या खड्यांचा ग्रंथ काढला, तेव्हापासून सहीला भाव आला आणि खोट्या सह्यांनाही. प्रिन्स पोनियातोव्स्कीचा सुमारे 2,500 खड्यांचा संग्रह 1839 मध्ये लंडनला लिलावात निघाला. त्यातले बहुतेक खडे प्राचीन नव्हतेच, त्याच काळातील कारागिरांनी घडवलेले होते. या प्रकरणाने अस्सल खड्यांवरचाही विश्वास उडाला. त्यातच पत्रांसाठी डिंक लावलेली पाकिटे आली आणि लाखेच्या ठशाचे कामच संपले. अंगठी मात्र हौसेने बोटात राहिली.

आज जुना खडा बसवलेली एखादी चांदीची इंग्लिश अंगठी भिंगाखाली धरली, तर आतल्या बाजूच्या छापांवरून, उदाहरणार्थ बर्मिंगहॅमच्या तपासणीची खूण असलेला जहाजाचा नांगर आणि शेजारचे वर्षसूचक अक्षर पाहून, चांदीचे नेमके वर्ष कळते. खड्याचे फार तर शतक सांगता येते. आणि कोंदणात बसवताना कोणा सोनाराने त्याची कड घासली असेल, तर खड्यावर कोरलेल्या देवाच्या हातातील भाल्याचे टोक तिथेच तुटलेले दिसते.