९.०० वर थांबलेला पीएस४

गेले तीन शनिवार मी एका बटणासमोर बसून आहे. टीव्हीवर सूचना येते, सिस्टिम सॉफ्टवेअर अपडेट करा. मी कंट्रोलर हातात घेतो, थोडा वेळ बघतो आणि चहा टाकायला उठतो. माझा सेकंडहँड पीएस४ अजून ९.०० या फर्मवेअरवर आहे.

गंमत म्हणजे आठवडाभर ऑफिसात मी क्लायंटच्या सर्व्हरवर पॅच टाकत असतो. 'पॅच लांबवू नका' असे मेल स्वतः लिहितो. आणि चिखलोलीला घरी आलो की स्वतःच्या मशीनला पॅच लावायला हात धजावत नाही. असं का, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मे २०१०. मी सातवीची परीक्षा देऊन उल्हासनगरला मामाकडे, कॅम्प नंबर चारला. मामेभावाकडे (आम्ही त्याला नुसतं दादा म्हणतो) लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पीएसपी होता. फर्मवेअर ५.०३. त्यावर तो 'चिकहेन' नावाचा प्रकार चालवायचा. गॅलरीतलं एक विशिष्ट चित्र उघडायचं, स्क्रीन चमकायची, आणि मग त्या पीएसपीवर सोनीने न दिलेलं काहीही चालायचं. जुन्या कन्सोलचे इम्युलेटर, पीडीएफ वाचायचा प्रोग्राम, दादाने स्वतः लुआमध्ये लिहिलेला सापशिडीचा गेम.

एका दुपारी दादा क्लासला गेला होता. मी मित्राकडून आणलेली नवीन यूएमडी घातली, ती म्हणाली आधी अपडेट कर. मी केलं. आज्ञाधारक मुलगा! बॅटरी फुल्ल आहे ना, चार्जर लावलाय ना, एवढं त्या मशीनने मला दोनदा विचारलं. काय जाणार आहे हे एकदाही सांगितलं नाही. संध्याकाळी दादाने ते चित्र उघडलं तर नुसतं चित्र उघडलं.

झालं होतं ६.२०. मागे जायची वाट नाही. दादा ओरडला नाही, पण पीएसपी परत माझ्या हातात दिला नाही.

फर्मवेअर म्हणजे मशीनच्या आतल्या चिपवर कायम बसलेलं सॉफ्टवेअर, एवढं पुरे. कन्सोलच्या फर्मवेअरचं एक मोठं काम वॉचमनचं असतं. कंपनीची सही नसलेला प्रोग्राम आत सोडायचा नाही. अपडेट म्हणजे नवा, जास्त कडक वॉचमन, आणि तो आला की जुन्याला परत बोलावता येत नाही.

पीएसपीच्या बाबतीत हे पहिल्या वर्षातच सुरू झालं. डिसेंबर २००४ मध्ये तो जपानमध्ये आला तेव्हा १.०० फर्मवेअर सही बघतच नव्हतं. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत १.५० आलं, ते बघायला लागलं. जूनमध्ये लोकांनी तेही फोडलं. पहिल्या पद्धतीत चालू मशीनमधून मेमरी स्टिक पटकन काढून दुसरी घालावी लागायची, हातचलाखीच ती. थोड्याच दिवसांत फोल्डरच्या नावात टक्क्याचं चिन्ह घालून तेच काम होऊ लागलं.

मग सोनीने काय करावं? नुसतं भोक बुजवणारं अपडेट कोण घेणार? म्हणून २.०० मध्ये वेब ब्राउझर दिला. २००५ साली खिशातल्या मशीनवर ब्राउझर ही साधी गोष्ट नव्हती. एका हातात ब्राउझर, दुसऱ्या हातात स्वतःचे प्रोग्राम, एकच निवडा. त्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'जीटीए: लिबर्टी सिटी स्टोरीज'ला २.०० लागायचंच, तिथे भलेभले पाघळले. आणि पुढे २००६ मध्ये काय व्हावं, तर त्याच गेमच्या सेव्ह फाइलमधल्या चुकीतून वरच्या व्हर्जन्सचं दार उघडलं! ज्या गेमसाठी लोकांनी कुलूप लावून घेतलं, त्याच गेममध्ये किल्ली.

घाईचाही फटका बसायचा. २.०० वरून १.५० वर आणणारा डाउनग्रेडर सप्टेंबर २००५ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या नावाने एक ट्रोजन फिरू लागला. तो महत्त्वाच्या सिस्टिम फाइल्स उडवायचा आणि पीएसपीची वीट व्हायची. तेव्हा फुकटात मिळतंय म्हणून काहीही चालवू नये, हेही खरंच.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्याकडे 'सॉफ्टवेअर मारलेला' पीएसपी म्हणजे बहुतेकांसाठी चोरीचे गेम भरलेला पीएसपी. दुकानदार घेताना त्याचंच आमिष दाखवायचे. सापशिडी लिहिणारा दादा अपवाद. सोनीची भीती अगदीच खोटी नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्यात 'हेतू' हा शब्द आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण पीएस३ ची गोष्ट. २००६ मध्ये पीएस३ आला तेव्हा 'इन्स्टॉल अदर ओएस' हा पर्याय सोनीनेच मेनूत दिला होता. लिनक्स टाका, मशीन कॉम्प्युटर म्हणून वापरा. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० मध्ये १,७६० पीएस३ जोडून सुपरकॉम्प्युटर उभा केला, ही काही पायरसी नव्हे. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झने त्या लिनक्सच्या वाटेने हायपरवायझरपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं, आणि १ एप्रिल २०१० ला ३.२१ आलं. अपडेट केलंत तर अदर ओएस जाणार. नाही केलंत तर ऑनलाइन खेळणं जाणार. तारखेमुळे काहींना विनोद वाटला असेल. म्हणजे पैसे दोन्ही गोष्टींचे घेतले होते आणि साडेतीन वर्षांनी म्हणाले, यातली एक परत करा.

त्यानंतर डिसेंबरमध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवलं की सोनी सही करताना दर वेळी नवा हवा असलेला रँडम आकडा तोच तो वापरतेय. त्यावरून गुप्त किल्ली चक्क गणिताने काढता येते. (क्रिप्टोग्राफीच्या पेपरला ही चूक मी केली असती तर केटी नक्की.) अदर ओएसवरचा ग्राहकांचा दावा २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलर्सवर मिटला. काढलेली सोय मात्र परत आली नाही.

आता माझा ९.००. याचं भोक डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालं. एक बिघडवलेला यूएसबी ड्राइव्ह आणि कन्सोलचाच ब्राउझर, बस. मी त्यावर लिनक्स चालवतो, लोकलमध्ये सुचलेल्या गोष्टी रात्री तिथे करून बघतो. २०२४ मध्ये ११.०० पर्यंतचे पीएस४ही उघडले. ती चूक पीपीपीओईच्या कोडमधली, म्हणजे आपला केबलवाला ब्रॉडबँडला युजरनेम-पासवर्ड देतो तेच प्रकरण. फ्रीबीएसडीमध्ये ती २००६ सालीच नोंदवली गेली होती. अठरा वर्षं! 'पॅच लांबवू नका' हा मेल कुणीतरी सोनीलाही पाठवायला हवा होता.

म्हणजे थांबणाऱ्याला कधी ना कधी फळ मिळतं. फक्त थांबण्याचं भाडं रोज भरावं लागतं, आणि माझं भाडं हल्ली वाढलंय. दादा आता टोरांटोला असतो. मामा गेल्या वर्षी गेला, दादाला वेळेवर पोचता आलं नाही. त्यानंतर फोनवर आम्ही दोघंही हवापाण्याच्या पुढे जात नाही. महिन्याभरापूर्वी तोच म्हणाला, पीएस४ घेतलाय, रविवारी फुटबॉल खेळू. त्याची सकाळ, माझी संध्याकाळ. ऑनलाइन जायचं तर अपडेट हवंच.

दुसरा पीएस४ घ्यावा हाही विचार केला, पण फ्लॅटचा हप्ता बघून सोडून दिला.

काल त्याला फोन करून सगळं सांगितलं. ९.००, लिनक्स, परत येता येणार नाही, सगळं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "या वेळेला विचारतोयस होय रे?"

लिनक्सच्या ड्राइव्हवरचा माझा कोड लॅपटॉपवर उतरवून घेतला. टीव्ही आणि पीएस४ची वायर इन्व्हर्टरवर टाकली, कारण आमच्याकडे लाइट नेमकी अशाच वेळी जाते. आत्ता पडद्यावर ४१ टक्के आहे.