देवराईतील पाचोळा

सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोली-महाबळेश्वराकडे, वर्षाला दोन-अडीचशे इंच पाऊस कोसळतो, आणि तरीही त्याच डोंगरांच्या कुशीतील कित्येक वाड्यांची चैत्र सरता सरता पाण्यासाठी वणवण सुरू होते. या विसंगतीचा उलगडा ज्यास करून घ्यावयाचा असेल, त्याने भर उन्हाळ्यात एखाद्या जुन्या देवराईत शिरून पायाखालचा पाचोळा हाताने बाजूस सारावा. वरची पाने करकरीत वाळलेली, त्यांखालची अर्धवट कुजून एकमेकांस चिकटलेली, आणि त्याहून खाली पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनी विणलेली काळी, ओलसर माती बोटांस लागते. झाडे स्वतःही पाणी पितात हे खरे. परंतु आषाढातील धार या थरावर थबकते, मुळांच्या वाटांनी जिरते, आणि पाऊस सरल्यावरही राईच्या कडेस झरा होऊन पाझरत राहते.

वृक्षांचे मोल राज्यकर्त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे 1715) आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबे-फणसांस हात लावू नये, अशी ताकीद आहे, आणि 1847 साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी तर कोकणातील झरे आटण्याचा संबंध उघड्या पडलेल्या डोंगरांशी जोडला होता. तथापि पुढे आगगाडीच्या रुळांखाली घालावयाच्या लाकडाची निकड वाढली, 1878 चा जंगल कायदा आला, आणि सरकारदप्तरी जंगलाची किंमत प्रामुख्याने इमारती लाकडावरून ठरू लागली. डोंगरावरचा कुजका पाला पावसाबरोबर शेतात उतरून जमीन पोसतो, हे महात्मा फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगितले, ते रयतेच्या बाजूने.

देवराईचा दंडक याहून कडक होता. भाताच्या रोपांसाठी राब भाजावयास जो शेतकरी ऐनाचे टहाळ रानोमाळ तोडीत हिंडे, तोच राईच्या वेशीवर कोयता आवरी. कित्येक गावांत तर पडलेले वाळके पान उचलण्यासही देवाचा कौल घ्यावा लागे. पुढे काही ठिकाणी पक्के देऊळ बांधण्यासाठीच राई ठेकेदारास विकली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर बसलेल्या देवास छप्पर मिळाले खरे. परंतु त्याच्या अभिषेकाची घागर मात्र खालच्या विहिरीवरून चढवावी लागू लागली.