पाच वर्षांचं घड्याळ: कॅनडातल्या छोट्या घरमालकाचा हप्ता आणि आपला संशोधनप्रश्न

संशोधनाची तयारी करताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? प्रश्न लहान करण्यात. "कॅनडातल्या घरबांधणीचा इतिहास" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न कसा सापडतो, ते आज एका उदाहरणातून बघू.

मला हा प्रश्न ग्रंथालयात सापडला नाही. ब्रॅम्प्टनला राहणाऱ्या मावसभावाचा फोन आला. २०२० च्या अखेरीस त्याने जुन्या इमारतीत एक कॉन्डो घेऊन भाड्याने दिला होता. "आता कर्जाचं नूतनीकरण आलंय, हप्ता वाढतोय, भाडं पुरत नाही. विकू की ठेवू?" मी विचारलं, "दादा, कर्ज पंचवीस वर्षांचं ना? मग दर पाच वर्षांनी व्याज का बदलतं?" तो म्हणाला, "इथे असंच असतं."

हे वाक्य ऐकलं की कान टवकारायचे. जे "असंच असतं", ते कधीतरी कोणीतरी तसं केलेलं असतं.

आधी आकडे मांडू. समजा कर्ज चार लाख डॉलर, फेड २५ वर्षांत, व्याज २ टक्के. हप्ता महिन्याला सुमारे १,६९४ डॉलर. पाच वर्षांनी सुमारे ३ लाख ३५ हजार मुद्दल उरतं. तेच साडेचार टक्क्यांनी पुढे नेलं, तर हप्ता सुमारे २,११२. म्हणजे जवळजवळ २५ टक्के वाढ. आणि भाडं? ऑन्टारियोत नियंत्रणाखालच्या घरांना २०२१ साली वाढ शून्य, २०२२ साली १.२ टक्के आणि २०२३ ते २०२५ दरवर्षी २.५ टक्के एवढीच मुभा होती. भाडेकरू तोच असेल, तर २,००० डॉलरचं भाडं फार तर २,१८० होतं. हप्ता ४१८ ने वाढला, भाडं १८० ने. दादाची झोप या फरकाने उडाली होती.

आता मागे जाऊ. पहिला धागा १८८० सालच्या एका केंद्रीय कायद्यात मिळतो. आज तो व्याज कायद्याचं दहावं कलम म्हणून ओळखला जातो. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं गहाणकर्ज असेल, तर पाच वर्षांनंतर कर्जदार तीन महिन्यांचं जादा व्याज देऊन मोकळा होऊ शकतो. रोख स्पष्ट आहे: कर्जदार चढ्या व्याजात अडकून पडू नये. पण सावकाराच्या बाजूने बघा. दर उतरले की गिऱ्हाईक निघून जाणार, चढले की स्वस्त कर्ज आपल्याच गळ्यात. मग पाच वर्षांपुढे दर बांधून द्यायचाच कशाला?

झालं, उत्तर सापडलं! माझ्या वहीत मी तसं लिहूनही टाकलं होतं. ते चुकीचं होतं, निदान अर्धवट तरी. कारण १९५४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याखाली विमा असलेली पंचवीस वर्षांची, एकाच दराची कर्जं दिली जात होती. १८८० चं कलम तेव्हाही होतंच. एकटं ते पुरेसं असतं, तर ही कर्जं निघालीच नसती.

म्हणजे मधे आणखी काही बदललं. १९६७ साली बँक कायद्यातली कर्जावरच्या ६ टक्के व्याजाची कमाल मर्यादा उठली आणि बँका गहाणकर्जाच्या बाजारात मोकळेपणाने उतरल्या. त्याच वर्षी ठेव विमा महामंडळ आलं. त्याचं संरक्षण पाच वर्षांपर्यंतच्या ठेवींनाच होतं (ही अट २०२० साली काढली). ठेव पाच वर्षांची, तर कर्जाचा दरही पाच वर्षांचा, हा हिशेब जुळला. १९६९ साली विमा असलेल्या कर्जांनाही पाच वर्षांची मुदत चालेल असं ठरलं. घड्याळ असं तुकड्यातुकड्यांनी बसवलं गेलं.

ते पहिल्यांदा जोरात वाजलं १९८१ साली. १९७६ साली ११-१२ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज आता २१ टक्क्यांच्या आसपास नव्याने करायचं होतं. ऑन्टारियोत तर १९७५ च्या अखेरीपासून भाडेनियंत्रणही होतं. केंद्र सरकारने नूतनीकरणात अडकलेल्यांसाठी मदत जाहीर केली, पण ती स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी. भाड्याने देणारा छोटा मालक त्यात बसत नव्हता.

"मग विकून मोकळं व्हायचं," असं तुम्ही म्हणाल. टोरांटोत १९८९ साली घराची सरासरी किंमत सुमारे २ लाख ७३ हजार डॉलर होती. १९९६ साली सुमारे १ लाख ९८ हजार. जुना आकडा परत दिसायला २००२ उजाडलं. भाव वाढेल या भरवशावर दरमहा पदरचे पैसे घालणाऱ्याची नूतनीकरणाची तारीख या तेरा वर्षांत दोनदा तरी येऊन गेली असणार.

दादाला मी जे सांगितलं ते या इतिहासातूनच आलं. घराचा भाव विचारण्याआधी नूतनीकरणाची तारीख विचार. हप्ता आजच्या दराने नाही, आणखी तीन टक्के धरून काढ. ऑन्टारियोत असशील तर १५ नोव्हेंबर २०१८ च्या आधी त्या घरात कोणी राहत होतं का ते बघ. भाडेवाढीची मर्यादा त्यावर ठरते. घर कंपनीच्या नावावर घेणार असलास तर १८८० चं ते संरक्षण मिळत नाही, हे लक्षात ठेव. आणि तुटीचे निदान दोन वर्षांचे पैसे बाजूला नसतील, तर दुसऱ्या घराचा विचारही करू नकोस. त्याच्याकडे तेवढे नव्हते. त्याने कॉन्डो विकायला काढलाय. मला वाईट वाटलं, पण हिशेब तोच सांगत होता.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. पहिली: कॅनडात व्याजाचा कायदा केंद्राचा, भाड्याचा प्रांताचा. छोटा मालक या दोन्हींच्या मधे सापडतो, पण कागदपत्रं दोन वेगळ्या ठिकाणी असतात. एकाच दप्तरात बसलात तर त्याची अडचण दिसणारच नाही. दुसरी: छान जुळणारं कारण सापडलं की लगेच विचारा, हे कारण असतानाही उलट घडलंय का? माझं १९५४ तसं निघालं. वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही. प्रबंधातलं माझं प्रकरण त्या चुकीपासूनच सुरू होतं.

या आठवड्यात तुमच्या विषयातलं एक "इथे असंच असतं" वहीत लिहून ठेवा, आणि त्याच्या खाली एकच ओळ: कधीपासून?